सात नंबरवर बसवलेल्या मेंढ्या

हरळीला खतपाणी घालायचं आणि त्याचा पगार घ्यायचा, हे ऐकून तानूबाई पहिल्यांदा पोट धरून हसली होती. हसणारच की! लोणीच्या शिवारात बाईमाणसाचा निम्मा जन्म हरळी खणण्यात जातो. कुदळीनं खणा, मुळं वेचा, उन्हात वाळवा, जाळा, आणि आषाढात बघावं तर ती आपली पुन्हा हजर. आणि तिचा लेक हनुमंत सांगत होता, की शेठनं माळावर तीच हरळी मुद्दाम लावलीय.

"अगं आई, तिला बर्मुडा म्हनत्यात."

"म्हनू द्यात की. नाव बदललं म्हनून मुळं गोड व्हत्यात व्हय?"

माळ कधीकाळी तिच्या नवऱ्याचा, सोमाजीचाच म्हणायचा. कागदावर नव्हे; कागदावर तो पाटलांचा होता. पण सोमाजीच्या आज्ज्यापासून त्या माळावर मेंढरं चरत आली आणि पाटलांना कधी त्याचं काही वाटलं नाही. मग पुण्याच्या एका शेठनं माळ विकत घेतला, भोवती कुंपण घातलं, खाली पाझर तलावापर्यंत गवताचे पट्टे ओढले. मोठमोठी माणसं गाड्या घेऊन यायची, काठीनं पांढरा चेंडू हाणायची आणि लांबच्या भोकात घालायची. त्या भोकाभोवतीचं जे गवत, त्याला ग्रीन म्हणायचं. ते इतकं बारीक कापायचं, की चेंडू ताटात सोडल्यासारखा घरंगळला पाहिजे. हनुमंत त्या ग्रीनवर कामाला होता. मशीन चालवायचं, पाणी मारायचं, वाळू पसरायची. ग्रीनवर तो अनवाणीच जायचा. गवत तहानलंय का, ते त्याला तळपायाला कळायचं.

बापाची मेंढरं मात्र राहिली होती. सोमाजी आता थकला होता, त्यामुळं दिवाळीनंतर कोकणात उतरणं बंद झालं होतं. पाच-पन्नास मेंढ्या, एक काळं कुत्रं आणि खांद्यावरची घोंगडी, एवढाच त्याचा पसारा. कुंपणाच्या खालच्या अंगाला एक फट ठेवली होती, तिथून मेंढरं दुपारची तलावावर पाण्याला जायची. गवताला तोंड लावायचं नाही, कडेकडेनं जायचं आणि कडेकडेनं यायचं, हा हनुमंतानं घातलेला नेम होता, आणि सोमाजीनं तो कधी मोडला नव्हता. मेंढरं पाण्यावर यायची तेव्हा साहेब ऑफिसात असायचे. म्हणून बापाची नि साहेबांची गाठ कधी पडली नव्हती.

या सगळ्या गवताची देखरेख करायला मेहेंदळे साहेब दिवाळीनंतर आले होते. माणूस वाईट नव्हता. पुण्याचा, मोजकं बोलणारा, कामाचा पक्का. गुडघे टेकून ग्रीनचा वास घ्यायचा, हाताला चिखल लागला तर पुसत बसायचा नाही. हनुमंताला त्यांच्याविषयी मनापासून आदर होता, आणि तितकीच धास्तीही.

दोन हजार पाच सालची ती होळी झाली आणि ऊन एकदम चढलं. पंपाची मोटर जळली, ती भरून आणली, तर पुन्हा जळली. सात नंबरचं ग्रीन तलावाकाठच्या उंचवट्यावर होतं, त्याला वारं चारी बाजूंनी लागायचं. त्याच्या मधोमध एक पिवळा डाग पडला. आज ताटाएवढा दिसला, चार दिवसांत घोंगडीएवढा झाला. हनुमंताच्या तोंडचं पाणी पळालं.

मेहेंदळे साहेब डागाजवळ बसले, बोटानं मुळं उकरून बघितली.

"हनुमंत, पाडव्याला मॅच आहे. मागे तलाव येतो म्हणून शेठ सगळ्या पाहुण्यांचे फोटो इथंच काढतात. सात नंबर हिरवं मिळालं, तर तुला पर्मनंट करायचं मी शेठना त्याच दिवशी सांगतो. क्वार्टरची खोलीही मिळेल. नाही मिळालं, तर पुण्याहून कंत्राटदाराची माणसं येतील. मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"करतो साहेब," हनुमंत म्हणाला.

पक्की नोकरी, पक्की खोली. त्याच्या घराण्यात आजवर कुणाच्या डोक्यावर न हलणारं छप्पर आलं नव्हतं. तो स्वतः पालात जन्मला होता, भिवंडीच्या पलीकडं कुठंतरी, आणि ते गाव कोणतं हे आईला आता धड आठवतही नव्हतं. त्याच्या लेकीला, दिशाला, शाळेत बाई विचारायच्या, "घर कुठंय गं तुझं?" तर ती "माळाच्या कडंला" म्हणायची. एवढी खोली मिळाली म्हणजे जिंकलं, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

मग राबणं सुरू झालं. पोकळ दात्यांचं मशीन फिरवून ग्रीनला भोकं पाडली, म्हणजे हवा-पाणी मुळाला जाईल. भोकांत चाळलेली वाळू भरली, खराट्यानं सारवली. मोटर बंद असली की हनुमंत तलावातून कावडीनं पाणी आणायचा आणि झारीनं शिंपडायचा. खांद्याची सालटं निघाली. बाया रांगेनं उकिडव्या बसून हरळीतला लव्हाळा खुरप्याच्या टोकानं उपसायच्या. त्या रांगेत तानूबाई होती आणि हनुमंताची बायको लंकाही होती. आता हनुमंताच्या बायकोचं नाव लंका म्हटल्यावर गाव गप्प बसतं का? कोंडाबाईची तर जीभ रोज खाजायची.

"लंके, सांभाळ गं बाई. तुझा हनुमंत लई तापलाय, पेटवून दील तुला."

"त्यो कशाचा पेटवतोय," लंका हात न थांबवता म्हणायची, "त्येचीच शेपूट पेटलीया सात लंबरापायी."

बाया हसायच्या. हनुमंताला मात्र हसू फुटायचं नाही. डाग वाढतच होता.

दिवेलागणीला तो घरी आला तेव्हा सोमाजी जेवायला बसला होता. तानूबाईनं भाकरी थापता थापता लेकाच्या तोंडाकडं बघितलं आणि काही विचारलं नाही. सोमाजीनं विचारलं.

"कसं हाय रं तुझं गवात?"

"जळतंय."

"खताबिगर कसं राहील? आरं, सोपानतात्याचा कांदा बघितला का औंदा? मूठ मावंना एकेका कांद्याला. दोन राती मेंढ्या बसवल्या व्हत्या त्येच्या रानात, दुसरं काय न्हाई." सोमाजी कालवणात भाकरी कुस्करत म्हणाला. "पोत्यातल्या पांढऱ्या खतानं रान तापतं. लेंडीनं निवतं. मी बसवतो तुझ्या सात लंबरावर."

सोमाजीचं आयुष्य त्यात गेलं होतं. फाल्गुन-चैत्रात रानं मोकळी झाली, की शेतकरी त्याला शोधत यायचे. 'सोमाजी, आमच्या वावरात बसवा राव', म्हणून आर्जवं करायचे. रात्रभर मेंढ्या वावरात कोंडायच्या, त्यांच्या लेंड्यामुतानं रान खतवायचं, आणि सकाळी घरधनीण सुपातून ज्वारी आणून ओटीत घालायची. यात एक रीत होती. रानाच्या धन्यानं तोंडानं 'बसवा' म्हटल्याशिवाय सोमाजीनं कुणाच्या वावरात कधी मेख ठोकली नव्हती. आणि एकदा 'बसवा' म्हटलं, की मग पुन्हा विचारत बसायचं नाही.

हनुमंताच्या हाताची आग होत होती. पाठ तुटायला आली होती. तो वैतागून म्हणाला,

"बसवा. बसवा आबा. मेंढ्या बसवा, कुत्रं बसवा, तुमी पन बसा वर. न्हाईतरी जळूनच चाललंय."

लंका पदराआड हसली. दिशाही हसली. सोमाजी हसला नाही. त्यानं ताटात हात धुतले आणि वाघर बघायला बाहेर गेला. मेंढ्या कोंडायची ती दोरीची जाळी कुठं कुठं उसवली होती. ती तो बसल्या बसल्या सांधू लागला.

दुसऱ्या दिवशी मशीनचा पट्टा तुटला. पट्टा मिळणार जुन्नरला, आणि पात्यालाही तिथंच धार लावायची होती. हनुमंत एसटीनं गेला. बाजारपेठेच्या बोळातला कारागीर म्हणाला, आत्ता देतो. आणि आत्ता देतो म्हणत म्हणत त्यानं दिवस मावळवला. शेवटची गाडी निघून गेली. हनुमंत चुलतभावाकडं मुक्कामाला राहिला आणि पहिल्या गाडीनं निघाला. नारायणगावला बदलून, मंचरला बदलून लोणीच्या फाट्यावर उतरला, गळ्यात पट्टा अडकवला आणि पाणंदीनं झपाझप चालू लागला. ऊन नुकतं पडत होतं.

वाऱ्यावर मेंढरांचा वास आला. त्याला आधी बरंच वाटलं. आईच्या कुशीत असल्यापासूनचा वास तो. चार पावलं गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की वास घराकडून येत नाहीये. वास तलावाकडून येतोय.

तो पळत सुटला.

सात नंबरवर वाघर ताठ लावलेली होती. हिरव्या ग्रीनमध्ये चहूबाजूंनी मेखा ठोकल्या होत्या. आत पाच-पन्नास मेंढ्या अंगाला अंग लावून बसल्या होत्या, निवांत रवंथ करत. भोकातला झेंडा कुणाला टोचू नये म्हणून काढून बाजूला नीट आडवा ठेवला होता. एखाद्या कोकराचा पाय भोकात जाऊ नये म्हणून सोमाजीनं त्यावर आपलं मुंडासं घडी करून ठेवलं होतं. आणि बोडक्या डोक्यानं सोमाजी काठी टेकून उभा होता. डोळे जाग्रणानं लाल, पण तोंडावर काय समाधान!

"आलास? बघ, कशा बसल्यात. कडंचं रान सोडलं न्हाई. एक रात झाली, अजून आजची रात बसवू. मग बघ तुझं गवात."

शेजारी राखणदार धर्माजी उभा होता. तो म्हणाला, "तुमच्या बानं सांगितलं, तुमीच बसवा म्हनलाय म्हनून. तवा मी फाटक उघडलं."

"काढा," हनुमंत कसाबसा म्हणाला. "आबा, काढा. लगीच काढा. मेलो मी."

"का रं?"

"काढा म्हनतो ना!"

मेंढ्या उठल्या तसं खालचं दिसलं. पाण्यानं भिजवून मऊ केलेलं ग्रीन, त्यात खुरांचे खड्डेच खड्डे. भोकात भरलेली वाळू उधळलेली. मुतानं भिजलेले चट्टे, उन्हं चढली की करपणार हे त्याला लख्ख दिसत होतं. लेंड्या तर अशा पसरलेल्या, की हिरवं शोधावं लागत होतं. सोमाजी एका मेखेला हात घालून वाकला आणि त्याच वेळी वरच्या रस्त्यानं जीप येताना दिसली. कामावर येणाऱ्या बायाही तलावाच्या बांधावर येऊन पोचल्या होत्या. त्या तिथंच थबकल्या. त्यांत तानूबाई होती, लंका होती; म्हातारा रात्री कुणाच्या वावरात बसवायला गेला, ते त्यांना आत्ता कळलं.

मेहेंदळे साहेब उतरले. ते ओरडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"कोण आहे हा?"

धर्माजी आपल्या वहाणांकडं बघत राहिला.

"हनुमंत, मी विचारतोय. तुमच्या गावातला आहे का?"

आता बोलायचं होतं. 'माझा बाप हाय, माझीच चूक, मीच बसवा म्हनलो', एवढंच. पण हनुमंताच्या डोळ्यांपुढं ती क्वार्टरची खोली आली, पुण्याची माणसं आली, आणि त्याची जीभ त्याला न विचारता हलली.

"न्हाई साहेब. वाटंचा मेंढपाळ हाय कुनीतरी. पारनेरकडचा असंल."

मेख उपटणारा सोमाजीचा हात थांबला. तो हळूच सरळ झाला. एवढ्यात ते काळं कुत्रं शेपूट हलवत आलं आणि हनुमंताचे पाय चाटायला लागलं. पोरासोरांत वाढलेलं कुत्रं, त्याला काय कळतंय? मेहेंदळे साहेबांची नजर कुत्र्यावर गेली. हनुमंतानं वाकून ढेकूळ उचललं आणि कुत्र्याच्या बरगडीत हाणलं. कुत्रं केकाटत लांब गेलं आणि तिथून त्याच्याकडं बघत राहिलं.

"व्हय साहेब," सोमाजी म्हणाला. "पारनेरकडचाच."

"कोणी सांगितलं तुला इथं मेंढ्या बसवायला?"

सोमाजीनं हनुमंताकडं बघितलं. एकदाच. मग हात जोडले, मेहेंदळे साहेबांना नव्हे, हनुमंताला.

"कुनी न्हाई साहेब. आमी अडानी मानसं. हिरवं दिसलं, बसलो. चुकलं साहेब."

बापानं आपल्याला साहेब म्हटलं, हे हनुमंताच्या कानातून थेट पोटात गेलं. सोमाजीनं मेखा गोळा केल्या, वाघर खांद्यावर टाकली. जाता जाता भोकावरचं मुंडासं उचललं, झटकलं, डोक्याला न बांधता काखेत धरलं. मेंढरं हाकारून तो फटीतून बाहेर पडला आणि घराच्या उलट्या दिशेला, पारनेरच्या अंगाला चालू लागला. साहेब बघत होते ना!

मेहेंदळे साहेब फक्त एवढंच म्हणाले, "ती फट बंद. आजपासून एक मेंढरू आत येता कामा नये. आणि हे ग्रीन मला पाडव्याला हवंय."

मग जे काम झालं, ते करणाऱ्यांनाच माहीत. बायांनी रांग धरली आणि लेंड्या हातानं वेचायला सुरुवात केली. तानूबाईनं आपल्याच मेंढरांच्या लेंड्या आपल्याच पदरात गोळा केल्या. कोंडाबाईसारखी कोंडाबाई, पण तिच्या तोंडून त्या दिवशी चकार शब्द निघाला नाही. मूत धुऊन काढायला पाण्यावर पाणी ओतलं. तरी तिसऱ्या दिवशी चट्टे करपलेच, तांबडे-तांबडे. मग साहेबांनी स्वतः पट्टी घेऊन ते चौकोनांत आखले. हनुमंतानं धारदार फावड्यानं करपलेलं गवत मुळासकट कापून काढलं, रोपवाटिकेतून हरळीचे तसेच चौकोन आणून बसवले, सांधे वाळूनं भरले, वरून रूळ फिरवला. मोटर त्या दिवसांत चालली, हेच नशीब. कमरेत वाकून वाकून त्याला उभं राहिलं की अंधारी यायची.

लंकानं मात्र पहिल्या दिवशीच, कावड भरताना, त्याला गाठलं होतं.

"अवं, बापाला बाप म्हनाया जीभ का जड झाली तुमची?"

"तुला काय कळतंय? नोकरी गेली असती."

"जाऊ दे व्हती. म्हातारा दिसभर पारनेरच्या वाटंनं उन्हात चाललाय, तुमचं खोटं खरं कराया. परत यायला त्येला संध्याकाळ हुईल."

संध्याकाळी सोमाजी आला. हनुमंत दारात बसला होता. बाप पुढं आला की पाय धरायचे, असं त्यानं दिवसभर घोकलं होतं. सोमाजी थांबला, अंगणात एका बाजूला झाला, आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला,

"जरा वाट द्या साहेब. मेंढरं कोंडायची हाईत."

हनुमंताला वाटलं, म्हातारा रागात आहे, उद्या निवळेल. पण सोमाजी रागात नव्हता, हेच तर अवघड होतं. शिवी नाही, टोमणा नाही. जेवायला बसताना "साहेबास्नी आदी वाढ", पाणी देताना "घ्या साहेब", दिशाला हाक मारताना "साहेबांची पोरगी कुठं गेली?" तानूबाई एकदा चिडून म्हणाली, "आवं, पुरं करा आता. लेकरू हाय ते." तर सोमाजी म्हणाला, "मी पारनेरकडचा मानूस. मला कुनाचं लेकरू म्हाईत?" एवढं बोलून तो घोंगडी घेऊन मेंढरांपाशी जाऊन बसला. जन्मात या बापानं त्याला कधी नीट नावानं हाक मारली नव्हती. हनम्या, आरं हनम्या, मेल्या हनम्या. आता ती हाक ऐकायला हनुमंताचे कान आसुसले होते, पण मागायची कशी?

फट बंद झाल्यावर मेंढरांच्या पाण्याचे हाल सुरू झाले. ओढा कोरडा पडला होता. सोमाजी मेंढरं सोपानतात्याच्या विहिरीवर न्यायचा, लांबचा वळसा घालून. तात्या भला माणूस, पण त्याच्या विहिरीनंही तळ दाखवला. मेंढरांच्या बरगड्या दिसायला लागल्या. दोन गाभण मेंढ्या गळाठल्या. पलीकडं कुंपणाआड तलाव चमकत होता, फवारे उडत होते, आणि मेंढरं त्या बाजूला तोंड करून ओरडायची. हनुमंताला मशीनच्या आवाजातही ते ओरडणं ऐकू यायचं.

पाडवा आला. सात नंबर हिरवं होतं. सांधे जवळून बघितले तर दिसायचे, पण जवळून बघतो कोण? गाड्यांची रांग लागली. शेठ पाहुण्यांना घेऊन सात नंबरवर आले, मागं तलाव ठेवून फोटो काढले, आणि एका पाहुण्यानं हरळीवर हात फिरवून वा वा केलं. मेहेंदळे साहेबांनी हनुमंताला पुढं बोलावलं. शेठनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नेमका सालटं निघालेल्या जागी ठेवला, पण हनुमंत हलला नाही.

"झालं तुझं काम," साहेब बाजूला घेऊन म्हणाले. त्यांनाही आनंद झाला होता. "पर्मनंट. एक तारखेपासून खोली घे. आणि उद्या पहिलं काम, ती खालची फट. नुसतं बंद म्हणून चालणार नाही, काटेरी तार ओढून टाक. मी येतो."

घरी पुरणपोळी होती. हनुमंतानं बातमी सांगितली. दिशानं उड्या मारल्या. तानूबाईनं लेकाच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. सोमाजी म्हणाला, "बरं झालं. साहेबास्नी अजून एक पोळी वाढ." आणि खरंच बरं वाटल्यासारखा म्हणाला. हनुमंतानं ताट बाजूला सारलं आणि तो उठला. उद्याच्या तारेचं त्यानं घरात कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं होतं. हनुमंतानं तारेचं भेंडोळं फटीपाशी आणलं, एका खांबाला तार गुंडाळली, पकडीनं पिळली. खालची ओढली, वरची ओढली. मधली ओढत होता, तेव्हा मेहेंदळे साहेब येऊन सावलीला उभे राहिले. धर्माजी पहार घेऊन खांब ठोकत होता. तेवढ्यात पाणंदीला धूळ उडाली.

मेंढरं येत होती. चालत नव्हती, ओढल्यासारखी येत होती. पाण्याचा वास लागल्यावर पुढच्या मेंढ्या धावल्या आणि तारेला येऊन थडकल्या. एकीच्या नाकपुडीला काटा लागला. गाभण मेंढी मागं मटकन बसली. तिला उठवत, काठी टेकत सोमाजी आला. ओठांना पापुद्रे आले होते. त्यानं तार बघितली, तारेमागची पकड बघितली, मग पकड धरणारा बघितला. काठी काखेत धरून त्यानं हात जोडले.

"साहेब, तात्याची हीर आटली. दोन दिस झालं, जनावरांच्या पोटात पानी न्हाई. एवढी एक येळ जाऊ द्या. गवताला त्वांड लावणार न्हाईत. कडंकडंनं नेतो."

मेहेंदळे साहेब पुढं आले. "हा तोच ना? पारनेरचा?"

धर्माजीची पहार थांबली. मेंढरं ओरडत होती. हनुमंताच्या हातातली तार ताणलेली होती; सोडली तर उसळून तोंडावर येणार. त्याला एकाएकी भयंकर रडू आलं, आणि रडता रडताच तो बोलला, मोठ्यानं, लांबच्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"व्हय साहेब, त्योच. पारनेरचा न्हाई. माझा बाप हाय त्यो. सोमाजी नाव हाय. त्या रातीला मेंढ्या बसवा म्हनून मीच म्हनलो व्हतो. त्येची काय चूक न्हाई."

साहेब बोलले तेव्हा त्यांचा आवाज वर चढलेला नव्हता.

"मेंढ्यांचं मी समजून घेतलं असतं हनुमंत. त्या दिवशी सांगितलं असतंस तर. तू माझ्या तोंडावर खोटं बोललास, आणि मी शेठना शब्द दिला." त्यांनी हात पुढं केला. "मशीनच्या किल्ल्या दे."

हनुमंतानं एका हातानं करगोट्याच्या किल्ल्या सोडून दिल्या. साहेबांनी तारेकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं. "आजच्या दिवस पाजून घे," एवढं म्हणाले आणि जीपकडं निघून गेले.

वरची तार धर्माजीनं उचलून धरली. खालच्या दोन हनुमंतानं पायाखाली दाबल्या, अनवाणी पायानं, पार मातीला टेकेपर्यंत. पहिली मेंढी बिचकली. सोमाजीनं तिला ढुंगणावर थोपटलं, तशी ती उडी मारून आत गेली. मग एकीमागं एक, हनुमंताच्या मांडीला अंग घासत सगळी गेली. काळं कुत्रं तारेशी थांबलं, त्यानं हनुमंताकडं बघितलं आणि जरा अंतर ठेवूनच पलीकडं गेलं. शेवटी सोमाजी गाभण मेंढीला उचलून घेऊन आला. थकलेला म्हातारा, ती जड मेंढी, त्याचे पाय लटपटत होते. तार ओलांडली आणि तो थांबला. त्याचं लक्ष खाली गेलं होतं.

"पाय काड तिथनं," तो खेकसला. "काटा घुसलाय, रगात येतंय, दिसत न्हाई का? हनम्या! आरं मेल्या हनम्या, पाय काड म्हनतो ना!"